सामुराईचे चित्र कोणी काढले?

सामुराई आणि जपानी कला या विषयावरच्या वादाचे दोन पक्ष आता ठरूनच गेल्यासारखे आहेत. पहिल्या पक्षाच्या मते तलवार आणि कुंचला ही एकाच साधनेची दोन रूपे होती. रणांगणावर मन स्थिर ठेवणारा योद्धाच कागदावर निर्दोष रेघ ओढू शके, आणि म्हणून शाईचित्रे, चहाचा सोहळा, नो नाट्य हे सगळे त्या योद्ध्याच्या शिस्तीचे फळ होय, असे हा पक्ष सांगतो. व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांपासून ध्यानवर्गांच्या जाहिरातींपर्यंत हीच कथा फिरते. दुसरा पक्ष या भक्तीला विटलेला आहे. त्याच्या लेखी सामुराई म्हणजे आधी जमिनीसाठी माणसे मारणारे आणि पुढे तांदळाच्या नेमणुकीवर बसून खाणारे कारकून. त्यांचे सात्त्विक रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी राष्ट्रवाद्यांनी आणि परदेशी गिऱ्हाइकांनी मिळून घडवले, आणि कला म्हणाल तर ती पदरी ठेवलेल्या व्यावसायिकांची. गंमत अशी की दोन्ही पक्ष पुरावा म्हणून चित्रेच दाखवतात, पण चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले आणि कोणाच्या पैशाने काढले, हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

हा प्रश्न विचारला तर जे हाती लागते ते दोघांनाही अडचणीचे आहे. सामुराईचे चित्र आणि सामुराईने काढलेले चित्र या जपानी कलेतल्या दोन वेगळ्या वाटा आहेत, असे माझे म्हणणे आहे. लढणारा सामुराई आपल्या डोळ्यांपुढे उभा केला तो बहुतांशी सामुराई नसलेल्या हातांनी. आणि ज्या सामुराईंनी स्वतः कुंचला धरला, त्यांनी बहुतांशी युद्धाकडे पाठ फिरवून पक्षी, किडे, डोंगर, रस्ते आणि माणसांचे चेहरे रंगवले. अपवाद आहेत, त्यांतले काही थोर आहेत, आणि त्यांच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

पहिल्या पक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार सतराव्या शतकातला नामांकित तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी. ओसाकाजवळच्या इझुमी शहरात कुबोसो स्मारक कलासंग्रहालयात त्याचे एक शाईचित्र आहे. उभ्या कागदाच्या तळापासून एक वाळकी, सडसडीत फांदी जवळजवळ एकाच दमात वर चढत गेली आहे. तिच्या टोकावर खाटीक पक्षी बसला आहे. आणि फांदीच्या मध्यावर एक लहानसा किडा, वर कोण बसले आहे याची गंधवार्ता नसल्यासारखा, त्याच दिशेने सरकतो आहे. ती फांदी पाहून ‘हा तर तलवारीचा हात’ असे कोणी म्हणाले, तर त्याला हसता येत नाही. शिवाय मुसाशीने आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या युद्धविद्येवरच्या ग्रंथात स्वतःच नोंदवले आहे की युद्धविद्येचे तत्त्व लावूनच आपण इतर कला साधल्या आणि कोणत्याही कलेत आपल्याला गुरू नाही. खुद्द कर्त्याचीच अशी कबुली असताना आणखी काय हवे?

हवे एवढेच की ही कबुली चित्राशी ताडून पाहावी. काटकसरीच्या शाईची, मोकळ्या सोडलेल्या कागदाची आणि झटक्यात ओढलेल्या रेघेची ही पद्धत मुसाशीच्या चारशे वर्षे आधी चीनमध्ये लियांग काई आणि मू-ची यांनी परिपक्व केली होती. त्यांतला पहिला राजदरबारचा चित्रकार, दुसरा बौद्ध भिक्षू. तलवारीशी दोघांचाही संबंध नव्हता. त्यांची चित्रे जपानी मठांत आणि शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, संग्रहात पूज्य मानली जात आणि जपानी चित्रकार ती पिढ्यान् पिढ्या गिरवत आले होते. मुसाशीला गुरू नसेल, पण समोर नमुने खचित होते. दुसरी गोष्ट काळाची. त्याच्याच सांगण्याप्रमाणे साठांहून अधिक द्वंद्वे तो वयाच्या तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत लढला. कुमामोतोला तिथल्या सत्ताधारी होसोकावा घराण्याचा पाहुणा म्हणून आला तो १६४० मध्ये, आणि त्याची चित्रे सर्वसाधारणपणे या अखेरच्या मुक्कामाशी जोडली जातात. मधे तीसेक वर्षे गेली आहेत. ज्या घरात तो उतरला ते घर चहाच्या सोहळ्याचा आचार्य सेन नो रिक्यू याच्या नामांकित शिष्याचे, होसोकावा सान्साईचे. कलेची जाण असलेल्या जपानमधल्या अग्रगण्य दरबारांपैकी तो एक. तलवारीतून रेघ आपोआप जन्मत असती, तर मुसाशीचा समकालीन आणि प्रत्यक्ष शोगुनांचा तलवारगुरू याग्यू मुनेनोरी याचे नाव चित्रकारांत का घेतले जात नाही? एक माणूस दोन गोष्टींत निपुण होता, यावरून पहिली गोष्ट दुसरीचे कारण ठरत नाही. मुसाशी मोठा चित्रकार होता, हे मान्य करायला त्याच्या तलवारीची शिफारस लागत नाही.

मुसाशीच्या आधीच्या पिढीतला काईहो यूशो या वादात क्वचितच आठवला जातो, आणि ते मला सोयीचे विस्मरण वाटते. यूशो १५३३ मध्ये आझाई घराण्याच्या चाकरीतल्या सामुराई कुटुंबात जन्मला आणि लहानपणीच क्योतोच्या तोफुकु-जी मठात ठेवला गेला. १५७३ मध्ये सेनानी ओदा नोबुनागाने आझाईंचा ओदानी किल्ला पाडला, त्यात यूशोचे घराणेही संपले. मठात असल्यामुळे तो वाचला. क्योतोच्या केन्निन-जी मठासाठी त्याने पुढे काढलेले, ढगांतून उतरणारे अजस्र ड्रॅगन पाहिले म्हणजे त्याचा अधिकार कळतो. पण त्याच्या वंशजांनी जपलेल्या मृत्युलेखवजा मजकुरात काय आहे? योद्ध्याच्या घरात जन्मून आपण चुकून कारागिरांच्या वर्गात पडलो, ही खंत. मित्र साईतो तोशिमित्सू याचे वधस्तंभावरचे प्रेत त्याने भाला घेऊन, जिवावर उदार होऊन परत आणले, ही आठवण त्याच मजकुरात अभिमानाने सांगितली आहे. म्हणजे ज्या माणसाच्या बाबतीत तलवार आणि कुंचला एकच होते असे म्हणण्याचा मोह सर्वांत जास्त व्हावा, त्याच्या घरच्यांच्या आठवणीत कुंचला हे पतन होते आणि भाला हा मान होता. साधनेच्या एकरूपतेची गोष्ट यूशोला कोणी सांगितली असती, तर त्याला ती थट्टा वाटली असती.

विद्या आणि शस्त्र यांची जोडी मग आली कुठून? ती जुनी आहे, पण सामुराईंच्या आयुष्यात ती सक्तीची झाली १६१५ मध्ये. त्या उन्हाळ्यात ओसाकाचा किल्ला पडला, तोकुगावा या शोगुन घराण्याचा शेवटचा मोठा प्रतिस्पर्धी संपला, आणि लागलीच योद्धा घराण्यांसाठी जी नियमावली निघाली तिचे पहिलेच कलम असे होते की विद्या आणि शस्त्र, धनुष्य आणि घोडा यांचा अभ्यास मनःपूर्वक करावा. हा हुकूम शोगुनशाहीने लढाया संपल्यावर काढला होता. पुढची सुमारे अडीचशे वर्षे ज्या वर्गाला लढायला काही उरले नाही, त्याला कामाला लावण्याची ती तरतूद होती. हिशेब, न्यायनिवाडा, पत्रव्यवहार आणि चिनी ग्रंथांचे पठण हे त्याचे रोजचे काम झाले. सामुराईच्या हातात कुंचला सर्वदूर पोचला तो तलवार म्यानात गेल्यावर, आणि तो पोचवला कचेरीने. दुसरा पक्ष येथे ‘म्हणजे कारकूनच ना’ असे म्हणून टाळी देईल. पण कारकुनाने चांगले चित्र काढू नये असा नियम आहे काय? चीनमध्ये हजार वर्षे उत्तम चित्रे काढली ती पुष्कळदा नोकरशहांनीच.

या कचेरीतल्या सामुराईंनी काय रंगवले, हे पाहू. उत्तरेकडे आकिता संस्थानात १७७३ मध्ये हिरागा गेन्नाई हा बहुश्रुत माणूस तांब्याच्या खाणींबद्दल सल्ला द्यायला आला. त्याच्या संगतीत ओदानो नाओताके या तरुण सामुराईला पाश्चात्त्य चित्रपद्धतीची गोडी लागली, आणि पुढच्याच वर्षी डचमधून जपानीत आणलेल्या शरीरशास्त्राच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या आकृत्या त्याने काढल्या. संस्थानाचा अधिपती साताके शोझान स्वतः याच पद्धतीने चित्रे काढी. १७७८ मध्ये त्याने पाश्चात्त्य चित्रकलेवर निबंध लिहिले, जपानीतले त्या विषयावरचे पहिले. चित्र वस्तूशी हुबेहूब जुळले पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग काय, हा त्याचा मुद्दा. यात मोकळ्या कागदाचे गूढ नाही आणि मृत्यूचे चिंतनही नाही. खाण, औषध, शेती यांचा विचार करणाऱ्या राज्यकर्त्याची ती दृष्टी आहे. इसेकडच्या नागाशिमा संस्थानाचा अधिपती मासुयामा सेस्साई याने किड्यांच्या चित्रांचे संग्रहच तयार केले, इतके बारकाईने की पायांवरची लवसुद्धा मोजावी. चित्रांसाठी जीव गमावलेल्या त्या किड्यांचे स्मारक त्याच्या इच्छेप्रमाणे १८२१ मध्ये उभारले गेले आणि ते आज तोक्योच्या उएनोतील कान्एई-जी मठात आहे. ही माणसे नाममात्र सामुराई होती असे म्हणून त्यांना बाजूला सारता येत नाही. त्यांतले दोघे तर आपापल्या संस्थानांचे धनी होते.

काहींना चित्रासाठी नोकरीच सोडावी लागली. ओकायामाच्या शाखा-संस्थानातला बऱ्यापैकी वरचा अधिकारी उरागामी ग्योकुदो याने १७९४ मध्ये, पन्नाशीला, दोन मुलांना बरोबर घेऊन धन्याची चाकरी टाकली आणि चिनी पद्धतीची सात तारांची वीणा खांद्यावर टाकून तो देशभर भटकला. गोठलेल्या ढगांतून चाळणीने गाळल्यासारखे हिम पडते आहे, असे त्याचे जे चित्र पुढे कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांच्या संग्रहात होते आणि आज राष्ट्रीय ठेवा म्हणून गणले जाते, ते या भटक्या काळातले. स्वामिनिष्ठा हा सामुराईच्या धर्माचा कणा म्हणावा, तर या थोर सामुराई चित्रकाराची उत्तम कृती स्वामी सोडल्यानंतरची आहे.

आणि हिरोशिगे? तोकाईदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची त्याची चित्रे जगभर भिंतींवर टांगलेली असतात, पण तो जन्माने कनिष्ठ दर्जाचा सामुराई होता हे किती जणांना ठाऊक असते? त्याचे वडील एदोत (आजच्या तोक्योत) शोगुनशाहीच्या अग्निशमन पथकात होते. १८०९ मध्ये आईवडील दोघेही गेले आणि ते पद बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे आले. नेमणूक तुटपुंजी, म्हणून चित्रांचा जोडधंदा. मालिकेतले पहिले चित्र पाहावे: निहोनबाशीच्या पुलावरून भल्या पहाटे एका सरदाराची मिरवणूक उतरते आहे, भाले आणि पेटारे दिसतात, आणि अगदी पुढे पाट्या घेतलेले कोळी आपल्या घाईत रस्ता काढत आहेत. सामुराई चित्रकाराने सामुराईंना येथे दाखवले ते असे, पहाटेच्या वर्दळीचा एक भाग म्हणून. जन्माने सामुराई असलेल्या माणसाने आपल्याच वर्गाकडे इतक्या अलिप्तपणे पाहावे, याचे नवल मला मुसाशीच्या रेघेइतकेच वाटते.

या सगळ्यांत वातानाबे काझान याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण दोन्ही पक्षांची परीक्षा त्याच्या आयुष्यात होते. काझान १७९३ मध्ये ताहारा या लहान, कर्जबाजारी संस्थानाच्या एदोतल्या वाड्यात जन्मला. घर इतके ओढगस्तीचे की भावंडांना एकेक करून बाहेर पाठवावे लागले; मुलगा वयात येण्याआधीच कंदिलांवर चित्रे रंगवून चार पैसे मिळवू लागला. सामुराईचा मुलगा चित्रकार झाला तो गरिबीने. पण गरिबीने हातात दिलेला कुंचला त्याने विचाराचे हत्यार केला. रस्त्यावरच्या माणसांची झरझर टिपणे काढली, डच ग्रंथांतून पाश्चात्त्य छायाप्रकाश समजून घेतला, आणि १८३७ ची नोंद असलेले ताकामी सेन्सेकीचे व्यक्तिचित्र रंगवले, जे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सेन्सेकी हा कोगा संस्थानाचा मुख्य कारभारी. चित्रात त्याचा चेहरा सावल्यांनी भरीव झाला आहे, पापण्यांचा जडपणा आणि गालांची ठेवण हाताला लागेल अशी आहे. अंगरख्याच्या घड्या मात्र जुन्या जपानी रेघेत मोकळ्या ओढलेल्या. कमरेला तलवार आहे, पण पाहणाऱ्याची नजर तिच्यावर टिकत नाही. सामुराईने काढलेले सामुराईचे थोर चित्र कोणते असे कोणी विचारले, तर मी हे दाखवीन. त्यात योद्धा दिसत नाही. कामाच्या ओझ्याखाली विचार करणारा, वाचणारा, थोडा थकलेला अधिकारी दिसतो.

काझान तोवर ताहाराचा वरिष्ठ कारभारी झाला होता आणि तेम्पो काळातल्या (१८३० च्या दशकातल्या) दुष्काळात धान्याचे कोठार उभारून त्याने संस्थानातल्या लोकांच्या पोटाची तरतूद केली होती. परदेशी जहाजांना हाकलून लावण्याच्या शोगुनशाहीच्या धोरणावर टीका करणारा एक मसुदा त्याने लिहून अर्धवट ठेवला होता. १८३९ मध्ये घराच्या झडतीत तो सापडला आणि त्याला ताहाराला नजरकैदेत धाडण्यात आले. घर चालावे म्हणून शिष्यांनी त्याची चित्रे विकायला घेतली. कैद्याने चित्रे विकल्याचा बभ्रा झाला तर धन्यावर ठपका येईल, या धास्तीने १८४१ मध्ये त्याने पोट चिरून घेतले. मागे ठेवलेल्या अक्षरांत स्वतःला बेइमान आणि मातृपितृद्रोही म्हटले. या मृत्यूत शौर्याचे उदात्त गाणे शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या सामुराईला मरण आले ते त्याच्या चित्रांच्या विक्रीपायी. आणि सामुराईंची कला हा रिकामपणचा उद्योग होता असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की काझानसाठी चित्र ही भाकरी होती, शास्त्र होते आणि अखेर गुन्हाही ठरले.

आता दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे सामुराई जिथे विषय आहे त्या चित्रांकडे वळू. येथेही जुन्यात जुने एक उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देते. हिगो प्रांतातला ताकेझाकी सुएनागा १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांत लढला. पहिल्या लढाईनंतर बक्षीस मिळाले नाही म्हणून तो थेट कामाकुराला गेला, आपली पहिली चढाई वरिष्ठांच्या कानी घातली आणि जमिनीची नेमणूक मिळवून आला. पुढे त्याने आपल्या पराक्रमाची लांबलचक गुंडाळीचित्रे करवून घेतली, ती आज जपानच्या शाही संग्रहात आहेत. घोडा रक्तबंबाळ, समोर फुटणारा बॉम्ब आणि मधोमध सुएनागा स्वतः. हे सामुराईने स्वतःचे करवलेले चित्र आहे यात शंका नाही. पण रंगवणारे हात त्याचे नव्हते, आणि त्याची सांगण्याची रीत दाव्यातल्या साक्षीदाराची आहे: कोणी पाहिले, कोणी दुजोरा दिला, आपण कितव्या क्रमाने पुढे गेलो. तेराव्या शतकातलीच हेइजी बंडाची गुंडाळीचित्रे पाहा. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात असलेल्या भागात योद्धे सांजो राजवाडा पेटवतात, जीव वाचवायला धावलेल्या स्त्रिया विहिरीत चेंगरून मरतात आणि शेवटी भाल्यांवर मुंडकी मिरवली जातात. रंगवणारा कोण ते नोंदलेले नाही. पण योद्ध्यांकडे पाहणारी त्याची नजर भक्ताची नाही.

योद्ध्यांना स्वतःला कसे दिसायला आवडे? क्योतोच्या जिन्गो-जी मठात एक भव्य चित्र आहे, ते शतकानुशतके पहिला कामाकुरा शोगुन मिनामोतो नो योरितोमो याचे म्हणून सांगितले गेले. त्यात चिलखत नाही. काळा दरबारी पोशाख आणि हातात दरबारी दंड आहे, तलवार केवळ पोशाखाचा भाग म्हणून. सत्ता हाती आल्यावर योद्ध्याला हवे होते ते दरबाऱ्याचे रूप. आणि १९९५ मध्ये कलेतिहासकार मिचिओ योनेकुरा यांनी हे चित्र योरितोमोचे नसून दीडशेएक वर्षांनंतरच्या आशिकागा तादायोशीचे असावे असा सिद्धांत मांडला, तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतही ‘परंपरेनुसार’ हा शब्द जोडावा लागतो. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवछत्रपतींचे समकालीन चित्र प्रसिद्ध करेपर्यंत आपल्याकडे महाराजांचे म्हणून इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र प्रचारात होते. चित्राखालचे नाव चित्राहून कमी वयाचे असू शकते.

पण आज आपण ज्याला सामुराई म्हणून ओळखतो, तो त्वेषाने डोळे वटारणारा वीर बाजाराने घडवला, आणि बाजार एदोच्या नागरिकांचा होता. शोगुनशाहीला तो नकोसा होता. १८०४ मध्ये सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची चित्रे काढल्याबद्दल ठसेचित्रकार उतामारोला पन्नास दिवस हातांत बेड्या घालून ठेवण्यात आले, आणि तेन्शो काळापासूनच्या (१५७३ पासूनच्या) योद्ध्यांची नावे व कुलचिन्हे छापण्यावर बंदी आली, कारण राज्यकर्त्या घराण्यांचे पूर्वज त्यांत होते. सत्तेचाळीस स्वामिहीन सामुराईंनी १७०३ च्या आरंभी घेतलेला सूड रंगभूमीवर आला तोही काळ मागे ढकलून आणि नावे बदलून. त्यांच्या म्होरक्याचे, ओइशीचे, नाव ओबोशी झाले, म्हणजे कोतवालाने विचारले तर हात झटकता यावेत. कुनियोशी हा या वीरचित्रांचा राजा, तो कापड रंगवणाऱ्याचा मुलगा. १८४७-४८ मध्ये त्याने या सत्तेचाळिसांची मालिका काढली, तीही रंगभूमीवरच्या नावांनी. ज्यांच्या शौर्याची ही चित्रे ते सामुराई तेव्हा सावकारांच्या दारात उभे होते, आणि चित्रे विकत घेणाऱ्यांत त्या सावकारांच्या दुकानांतले नोकर असत. शेजारच्या वाड्यातला सामुराई असा नव्हता म्हणूनच चित्रातला सामुराई तसा हवा होता, असे मला वाटते.

आता दुसऱ्या पक्षाचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली. त्यानंतरही योकोहामाच्या स्टुडिओंत चिलखत घातलेल्या ‘सामुराईं’ची हाताने रंगवलेली छायाचित्रे प्रवाशांना विकली जात होती, आणि चिलखतातला माणूस बहुधा भाड्याचा असे. सामुराई वर्ग मोडला तेव्हा लहान मूल असलेल्या इनाझो नितोबे यांचे ‘बुशिदो’ १९०० मध्ये अमेरिकेत, इंग्रजीत, परक्या वाचकांसाठी निघाले. युद्धखोर जपानने पुढे हीच प्रतिमा सैनिकांच्या गळ्यात बांधली. हे सगळे खरे. पण यावरून ‘म्हणून आधी काहीच नव्हते’ हा निष्कर्ष कसा निघतो? कुनियोशीचे गिऱ्हाईक नितोबेंच्या पन्नास वर्षे आधी होते. त्याच्याही चारशे वर्षे आधी झेआमीच्या नो नाट्यात तरुण आत्सुमोरीचे भूत आपल्याला मारणाऱ्या, आता भिक्षू झालेल्या कुमागाईसमोर उभे राहत होते. झेआमी नट होता आणि त्याच्या घराण्याला आश्रय शोगुन आशिकागा योशिमित्सूचा. योद्ध्यांच्या नरकयातना योद्ध्यांनाच दाखवल्या जात होत्या आणि ते त्या पाहत होते. मेइजी काळाने, म्हणजे १८६८ नंतरच्या राजवटीने, शून्यातून काही निर्माण केले नाही. जुन्या मालातून त्याने हवे तेवढे उचलले: पश्चात्ताप टाकला, हिशेब टाकला, शौर्य तेवढे ठेवले. ठसेचित्रकार योशितोशीने १८६८ मध्ये उएनोच्या लढाईतली प्रेते पाहिली आणि लगेचच जुन्या योद्ध्यांच्या नावांखाली ताज्या जखमा रंगवल्या. खोटे म्हणायचे तर काय म्हणायचे, नावाला की जखमेला?

‘कला पदरच्या व्यावसायिकांची’ हा त्यांचा दुसरा मुद्दाही अर्धाच टिकतो. कानो एइतोकूने नोबुनागाच्या आझुची किल्ल्याच्या भिंती सोन्याने आणि रंगांनी भरल्या, १५८२ मध्ये तो किल्ला जळाला. हा सरळ चाकरीचा मामला. पण फुरुता ओरिबेचे काय करायचे? तो हिदेयोशीचा सरदार, रिक्यूचा शिष्य आणि पुढे शोगुनाचा चहाचा आचार्य. वाकडे, चेपलेले, हिरव्या झिलईचे पेले ज्याच्या नावाने ओळखले जातात तो हाच. चाकावर त्याने स्वतः किती माती फिरवली हा प्रश्न गौण आहे. सुबकपणाची कसोटीच बदलणारी ती अभिरुची एका योद्ध्याच्या नावावर आहे, कुंभाराच्या नाही. त्याच १६१५ मध्ये ओसाकाच्या पक्षाशी संधान बांधल्याच्या संशयावरून त्याला पोट चिरण्याचा हुकूम झाला. चहाची खोली ही मनःशांतीची जागा होती असे सांगणाऱ्यांनी ओरिबेचा शेवट विसरू नये. तिथे राजकारणच चाले, फक्त आवाज खाली ठेवून.

कुंचला राज्याच्या किती कामी येई याचे नागडे उदाहरण उत्तरेच्या टोकाला सापडते. १७८९ मध्ये कुनाशिरी आणि मेनाशी भागात ऐनू या मूळ रहिवाशांनी जपानी व्यापाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध उठाव केला. एकाहत्तर जपानी मारले गेले आणि नंतर मात्सुमाए संस्थानाने सदतीस ऐनूंना देहान्त शासन दिले. पुढच्याच वर्षी त्या संस्थानाचा सामुराई आणि अधिपतीच्या घराण्यातलाच माणूस काकिझाकी हाक्यो याने संस्थानाला साथ देणाऱ्या बारा ऐनू मुखियांची चित्रे रंगवली. दाढीचा केस न् केस मोजलेला, अंगावर चिनी रेशमाचे झगमगते झगे, काहींवर रशियन कोट. ही चित्रे क्योतोला नेऊन थेट सम्राटाला दाखवण्यात आली, कारण उठावामुळे गेलेली संस्थानाची अब्रू परत मिळवायची होती: पाहा, असे भव्य लोक आमचे अंकित आहेत. या संचातली अकरा चित्रे १९८४ मध्ये फ्रान्समधल्या बेझान्सोंच्या संग्रहालयात सापडली. चित्रकार म्हणून हाक्योचा हात असामान्य आहे आणि चित्रांमागचा हेतू उघडउघड सरकारी आहे. साधनेची भाषा त्यांना लागू पडत नाही आणि ‘सगळे उत्तरकाळातले बनावट’ हा शेराही लागू पडत नाही. सामुराई आणि कला यांवर प्रदर्शने भरवणाऱ्यांनी मुसाशीच्या खाटीक पक्ष्याशेजारी हाक्योचे मुखिये आणि काझानचा सेन्सेकी लावावेत, आणि प्रत्येक चित्राखाली रंगवणाऱ्याचा हुद्दा, त्याची नेमणूक आणि चित्र मागवणाऱ्याचे नाव लिहावे. एवढ्या तीन नोंदी समोर आल्या, तर दोन्ही पक्षांना आपली भाषणे नव्याने लिहावी लागतील.